वॉट्सचे मनोरे : एका परदेशी गवंड्याची तेहतीस वर्षे

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराचे नाव काढले की आपल्या डोळ्यांसमोर हॉलिवूडचे सिनेमे आणि नटनट्यांचे बंगले येतात. पण त्याच शहराच्या दक्षिण भागात वॉट्स नावाची मोलमजुरी करणाऱ्यांची वस्ती आहे. तेथे बैठ्या घरांच्या मधोमध लोखंड आणि सिमेंटचे मनोरे उभे आहेत. त्यांतला सर्वांत उंच मनोरा जवळजवळ शंभर फुटांचा आहे. लांबून पाहिले तर जत्रेतल्या आकाशपाळण्याचा सांगाडा वाटावा. जवळ गेले म्हणजे मात्र त्याच्या अंगावर फुटक्या बशा, कपांचे कान, फरशीचे तुकडे, बाटल्यांच्या काचा आणि समुद्रावरचे शिंपले जडवलेले दिसतात.

हे सारे एका माणसाने एकट्याने उभे केले. त्याच्याकडे इंजिनिअरची पदवी नव्हती. कलाशाळेची पायरी तो कधी चढला नव्हता. साध्या शाळेशीही त्याचा फारसा संबंध आला नव्हता. इटलीहून पोटासाठी आलेला तो एक मजूर होता. दिवसा दुसऱ्यांच्या घरांना फरश्या बसवायच्या आणि कामावरून सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी, आपल्या अंगणात हे काम करायचे. १९२१ साली त्याने सुरुवात केली आणि १९५४ साली हात थांबवला. तेहतीस वर्षे!

वाचक बंधू-भगिनींनो, या माणसाचे नाव सबातो रोदिया. शेजारीपाजारी त्यांना सॅम म्हणत. सायमन रोदिया हे नाव त्यांना पुढे वर्तमानपत्रांमुळे चिकटले आणि तेच जगभर झाले. त्यांच्या हकीकतीत नुसत्या कौतुकाची गोष्ट नाही, एक प्रश्न आहे. हातांनी काम करणाऱ्याच्या कसबाला विद्या म्हणायचे की नाही? आणि ते कोणी ठरवायचे? हा प्रश्न आपल्या घरांनाही नवा नाही.

खाणीपासून फरशीपर्यंत

सबातोचा जन्म १८७९ सालचा. दक्षिण इटलीतल्या सेरिनो गावाजवळ रिबोत्तोली नावाची छोटी वाडी आहे, तेथला. त्या काळी दक्षिण इटलीत शेतकऱ्यांचे हाल होते. जमीन थोडी, कर फार, आणि घरात खाणारी तोंडे पुष्कळ. लाखो माणसे बोटीत बसून अमेरिकेला निघाली होती. कोवळ्या वयातच सबातोलाही तिकडे धाडण्यात आले. थोरला भाऊ पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीत कामाला होता, त्याच्याकडे.

तो भाऊ खाणीतल्या अपघातात गेला. पोरका झालेला हा मुलगा मग पश्चिमेकडे सरकत गेला. दगडाच्या खाणी, रेल्वेचे रूळ, इमारतींची बांधकामे, जेथे काम मिळेल तेथे हात लावला. सिएटल शहरात १९०२ साली लग्न झाले. पुढे कुटुंब ओकलंडला राहायला आले, मुले झाली. पण दारूचे व्यसन होते, घरात भांडणे होती. काही वर्षांतच संसार मोडला, बायको-मुले एकीकडे आणि हा एकीकडे असे झाले. कौतुकाच्या भरात ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. दारूने जे अनेक कष्टकरी घरांचे केले तेच या घराचे केले. मोठे काम करणाऱ्याच्या हातूनही घरच्यांवर अन्याय झालेला असू शकतो, आणि त्या कामाने तो अन्याय पुसला जात नाही.

एवढ्या भटकंतीत एक शिदोरी मात्र जमा झाली होती. सळई कशी वाकवायची, सिमेंटचा माल किती घट्ट कालवायचा, फरशी ओल्या मालात किती दाबली म्हणजे निघत नाही, हे सारे हातांना ठाऊक झाले होते.

तिकोनी तुकडा

१९२१ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, रोदियांनी वॉट्समध्ये १०७ व्या रस्त्यावर जमिनीचा एक तिकोनी तुकडा विकत घेतला. जमीन अडचणीची, शेजारून रेल्वेचा मार्ग गेलेला. तेव्हा तेथे मेक्सिकन, कृष्णवर्णीय, गोरे, जपानी अशी मिश्र वस्ती होती. एका बाजूला लहानसे घर, आणि उरलेल्या जागेत त्यांनी काम मांडले.

कागदावर नकाशा नाही, हाताखाली माणूस नाही. वेल्डिंग नाही, रिव्हेट नाही, नटबोल्टसुद्धा नाहीत. पद्धत अशी होती. सळया, पाइप, लोखंडाच्या पट्ट्या असे जे भंगार मिळेल ते आणायचे. सळई वाकवायची झाली तर ती शेजारच्या रेल्वे रुळाच्या खाचेत अडकवायची आणि अंगाचा जोर लावून हवा तो बाक द्यायचा. दोन सळयांची टोके एकमेकांवर चढवून तारेने करकचून बांधायची. सांध्यावर बारीक जाळी गुंडाळायची. मग त्यावर हाताने माल थापायचा आणि तो ओला असतानाच त्यात फरशीचे, काचेचे, चिनी मातीचे तुकडे दाबून बसवायचे.

आपल्यापैकी जे बांधकामावर आहेत त्यांच्या यातली खुबी लगेच ध्यानात येईल. उघडे लोखंड गंजते; सिमेंटचे अंगरखे घातले म्हणजे टिकते. नुसत्या सिमेंटला तडे जातात. आत सळई आणि जाळी असली की ते ताण सोसते. मोठमोठ्या इमारती ज्या तत्त्वावर उभ्या आहेत तेच हे तत्त्व. फरक इतकाच, की रोदियांनी ते पुस्तकात वाचले नव्हते.

परांचीही त्यांनी बांधली नाही. मनोरा हीच त्यांची परांची होती. खालचे कडे वाळून पक्के झाले की त्यावर पाय देऊन वरचे कडे बांधायचे. उंच इमारतींच्या खिडक्या पुसणारे लोक कमरेला बांधतात तसा पट्टा कमरेला, एका हातात मालाची बादली, आणि तुकड्यांची पिशवी. पन्नाशी उलटली, साठी उलटली, तरी हा माणूस असाच वर चढत राहिला.

असे करत करत तीन मोठे मनोरे आणि त्यांच्याभोवती भिंती, कमानी, कारंजे, बसायचे ओटे, पाखरांना पाणी पिण्याचे कुंड, शिडाचे जहाज अशा एकूण सतरा रचना उभ्या राहिल्या. या साऱ्याला त्यांनी नाव दिले 'नुएस्त्रो पुएब्लो'. हे शब्द इटालियन नाहीत, स्पॅनिश आहेत. अर्थ आहे 'आमचे गाव'. 'आमचे लोक' असाही होतो. स्वतःची मायबोली सोडून त्यांनी आपल्या मेक्सिकन शेजाऱ्यांच्या भाषेतले नाव घेतले, याची नोंद घेतली पाहिजे.

तुकडे कोठून आले?

मनोऱ्यांच्या अंगावरचे तुकडे वाचता आले तर ती त्या काळच्या कष्टकरी वस्तीची वहीच आहे. हिरव्या काचा सेव्हन-अप या शीतपेयाच्या बाटल्यांच्या. निळ्या काचा पोटाच्या औषधाच्या, मिल्क ऑफ मॅग्नेशियाच्या बाटल्यांच्या. रंगीत नक्षीच्या फरश्या ते ज्या कारखान्यांत आणि घरांत काम करीत तेथल्या तुटक्या मालातल्या. शिंपले समुद्रकिनाऱ्यावरून वेचलेले. रेल्वेच्या कडेकडेने मैलोन्‌मैल चालत ते हे सारे गोळा करून आणत. वस्तीतली पोरेही फुटक्या बशा आणून देत आणि मोबदल्यात खाऊ किंवा चार पैसे मिळवत.

आणखी एक गोष्ट फार बोलकी आहे. ओल्या सिमेंटमध्ये त्यांनी काही वस्तूंचे ठसे उमटवले. कसले? हातोडी, पकड अशा आपल्या हत्यारांचे, मक्याच्या कणसांचे, भाकरी-केक भाजायच्या साच्यांचे. राजेमहाराजे आपल्या इमारतींवर तलवारी आणि मुकुट कोरतात. या मजुराने आपली हत्यारे आणि आपले अन्न कोरले. बाजूला नावाची दोन आद्याक्षरे आणि १९२१ हे साल.

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर या कामात जमेची बाजू कोरी आहे. कोणी कंत्राट दिले नव्हते, कोणी पैसे देणार नव्हते. सिमेंट मात्र फुकट मिळत नाही. ते मजुरीच्या पैशांतून येत असे. मग हे कशासाठी? विचारणाऱ्यांना रोदिया सांगत, की काहीतरी मोठे करायचे मनात होते आणि ते केले. दिवसभर ज्या घरांना ते फरश्या लावत त्या घरांत त्यांना पाहुणा म्हणून कोणी बोलावणार नव्हते. आपल्या हाताचे कसब पूर्णपणे आपल्या मर्जीने वापरायला मिळेल अशी त्यांच्यापाशी एकच जागा होती, तो तिकोनी तुकडा.

वेडा ठरलेला माणूस

जगाने काय केले? जे नेहमी करते तेच. काही शेजाऱ्यांना कौतुक होते. अनेकांनी वेड्यात काढले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अफवा उठली, की हे मनोरे म्हणजे शत्रूला संदेश पाठवण्याची यंत्रे आहेत. परदेशातून आलेला, इंग्रजी धड न बोलणारा, एकटा राहणारा माणूस. संशय घ्यायला आणखी काय लागते? वस्तीतली काही टारगट मुले दगड मारून काचा फोडत. रोदिया फुटलेले पुन्हा बसवत.

१९५५ साली, पंचाहत्तरी पार केल्यावर, त्यांनी ती जागा एका शेजाऱ्याला देऊन टाकली आणि ते उत्तरेकडे मार्टिनेझ गावी, नातलगांच्या जवळ राहायला निघून गेले. पुन्हा परत आले नाहीत. पुढल्याच वर्षी त्यांचे रिकामे घर आगीत जळाले. मग शहराच्या बांधकाम खात्याची नजर मनोऱ्यांकडे वळली. परवाना नाही, नकाशा मंजूर नाही, इंजिनिअरची सही नाही. म्हणजे बांधकाम बेकायदा आणि धोकादायक. पाडून टाका, असा हुकूम निघाला.

हे वाचताना झोपडपट्टीत राहिलेल्या वाचकांना काय वाटेल ते वेगळे सांगायला नको. कायद्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे नाही. शंभर फुटांची वस्तू वस्तीवर कोसळली तर माणसे मरतील, ही काळजी रास्त होती. पण तेहतीस वर्षांत एकदाही ते मनोरे पडले नव्हते. १९३३ साली जवळच्या लाँग बीचला मोठा भूकंप झाला, तोही त्यांनी पचवला होता. हा पुरावा खात्याच्या फाइलीत कोठेच बसत नव्हता, कारण फाइलीत फक्त सही पाहतात.

दहा हजार पौंडांची परीक्षा

या वेळी दोन तरुण पुढे आले. सिनेमाच्या क्षेत्रातले विल्यम कार्टराइट आणि नट निकोलस किंग. १९५९ साली त्यांनी तीन हजार डॉलरला ती जागा विकत घेतली आणि मनोरे वाचवण्यासाठी समिती स्थापन केली. कलावंत, प्राध्यापक, वस्तीतले लोक जमले. सुनावण्या झाल्या. दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी वाद घातला. अखेर बड गोल्डस्टोन नावाच्या इंजिनिअरने तोड काढली. ते विमानांच्या उद्योगात काम करीत, आणि विमानाचा सांगाडा किती ताण सोसतो हे तपासणे हा त्यांच्या विद्येचाच भाग होता. त्यांचे म्हणणे असे, की वाद कशाला? मनोऱ्यावर ओढ लावून पाहू. टिकला तर राहू द्या, पडला तर तुमचे खरे.

१० ऑक्टोबर १९५९ रोजी ती परीक्षा झाली. सर्वांत उंच मनोऱ्याला दोर बांधून दहा हजार पौंडांची, म्हणजे सुमारे साडेचार हजार किलोंची आडवी ओढ देण्यात आली. वादळी वारा जेवढा रेटा देईल तेवढी. लोकांची गर्दी जमली होती, वार्ताहर होते, कॅमेरे होते. ओढ वाढत गेली. मनोरा किंचित हलला. आणि मग वाकली ती ओढ लावणाऱ्या यंत्रणेतली तुळई! परीक्षा तेथेच थांबवावी लागली. मनोऱ्यावरून एक शिंपला तेवढा खाली पडला, असे सांगतात.

पाडण्याचा हुकूम मागे घेतला गेला. निरक्षर म्हणावा अशा गवंड्याने केवळ हाताच्या अनुभवावर बांधलेली वस्तू शास्त्राच्या परीक्षेत उतरली. येथे गोल्डस्टोन यांचेही श्रेय मानले पाहिजे. त्यांनी आपली पदवी मजुराच्या कामाला खाली पाडण्यासाठी न वापरता त्याचे मोल सिद्ध करण्यासाठी वापरली. शिकल्यासवरल्या माणसाने आपल्या शिक्षणाचे काय करावे, याचे हे चांगले उदाहरण आहे.

राखेतून उचललेले

रोदिया जुलै १९६५ मध्ये मार्टिनेझला वारले. त्यानंतर महिना उलटायच्या आत वॉट्स पेटले.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेकडील राज्यांतून कामाच्या शोधात आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी वॉट्स भरून गेले होते. चांगल्या वस्त्यांत त्यांना घरे मिळत नसत, कामे मिळत नसत, आणि पोलिसांचा जाच रोजचा होता. ११ ऑगस्ट १९६५ रोजी एका कृष्णवर्णीय तरुणाला मोटार चालवताना अडवून अटक झाली, त्यावरून ठिणगी पडली. सहा दिवस उद्रेक चालला. चौतीस माणसे मेली, हजाराहून अधिक जखमी झाली, दुकानांच्या रांगाच्या रांगा जळाल्या. मनोऱ्यांना मात्र कोणी हात लावला नाही.

मनोऱ्यांच्या शेजारी १९६४ साली मुलांसाठी एक कला केंद्र सुरू झाले होते. ते सुरू करणाऱ्यांत नोआ प्युरिफॉय हे प्रमुख होते. १९१७ साली अलाबामा राज्यात जन्म, आईबाप दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणारे, तेरा भावंडांतले एक. शिकून ते समाजसेवक झाले, युद्धकाळात नौदलाच्या बांधकाम तुकडीत राहिले आणि पुढे चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी कलेची पदवी घेतली. उद्रेक शमल्यावर प्युरिफॉय आणि त्यांचे सहकारी जडसन पॉवेल जळलेल्या रस्त्यांवरून फिरले आणि त्यांनी सुमारे तीन टन मोडतोड गोळा केली. जळके वासे, वितळलेल्या निऑनच्या पाट्या, वाकडे झालेले पत्रे, मोडके सामान.

त्यातून त्यांनी आणि इतर कलावंतांनी मिळून १९६६ साली एक प्रदर्शन उभे केले, '६६ साइन्स ऑफ निऑन'. ते पहिल्यांदा मांडले वॉट्समधल्याच एका शाळेत. पुढे अनेक विद्यापीठांतून फिरवले. दंगलीचा कचरा म्हणून जो ट्रकमध्ये भरून फेकला जाणार होता, तोच आता पाहणाऱ्याला विचारत होता, की हे जळले का?

प्युरिफॉय यांनी पुढे बरीच वर्षे राज्याच्या कला मंडळावर राहून शाळांत आणि तुरुंगांत कलेचे शिक्षण नेण्यासाठी काम केले. म्हातारपणी, १९८९ साली, ते मोहावे वाळवंटात जाऊन राहिले आणि २००४ साली निधन होईपर्यंत तेथे उघड्या माळावर टाकाऊ वस्तूंची मोठमोठी शिल्पे उभारत राहिले. बेट्ये सार या नामवंत कृष्णवर्णीय कलावतीची आजी वॉट्समध्ये राहत असे. लहानपणी आजीकडे जाताना बेट्येने रोदियांना काम करताना पाहिले. जुन्या, टाकून दिलेल्या वस्तू जोडून कला होऊ शकते हे तेथे डोळ्यांत भरले, आणि पुढे आपल्या समाजाच्या अपमानाच्या खुणा असलेल्या वस्तूंमधूनच तिने अपमानाला उत्तर देणारी कला घडवली. एका इटालियन मजुराने लावलेले रोप कृष्णवर्णीयांच्या अंगणात असे फोफावले.

आपल्याला या काळाशी जोडणारा एक धागाही आहे. वॉट्सच्या उद्रेकानंतर वर्षभराने, ऑक्टोबर १९६६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्याच ओकलंड शहरात ब्लॅक पँथर ही संघटना जन्मली. तिच्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरचे नाव पडले.

चंदीगडचा रस्ते निरीक्षक

असा माणूस परदेशातच होतो असे नाही. नेकचंद यांचा जन्म १९२४ सालचा, आज पाकिस्तानात असलेल्या एका खेड्यातला. फाळणीत गाव सुटले. निर्वासित म्हणून ते भारतात आले आणि नव्याने वसत असलेल्या चंदीगडमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक म्हणून नोकरीला लागले. नवे शहर वसवण्यासाठी जी खेडी उठवली गेली त्यांच्या घरांची मोडतोड, फुटक्या बांगड्या, कपबशा, सायकलींचे सांगाडे असे सारे ते कामावरून सुटल्यावर गोळा करीत. सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात सुमारे अठरा वर्षे गुपचूप त्यांनी माणसांच्या, प्राण्यांच्या मूर्तींचे एक राज्य वसवले. सरकारी जमीन, परवानगी नाही. उघडकीस आल्यावर पाडापाडीचीच पाळी होती. पण लोकांनी उचलून धरले. १९७६ साली ते 'रॉक गार्डन' म्हणून सर्वांना खुले झाले आणि नेकचंद यांना पगार देऊन, हाताखाली मजूर देऊन त्याच कामावर नेमण्यात आले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५ साली ते गेले. गाव सुटलेली माणसे आपले गाव पुन्हा बांधतात. रोदियांनी आपल्या कामाला दिलेले नाव येथे आठवावे.

टाकलेले घेणे आणि उचलून घेणे

येथे एखादा वाचक विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी टाकलेल्यावर दिवस काढले. शिळे तुकडे खाल्ले, उतरलेले कपडे घातले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी हे टाकलेले घेणे सोडा म्हणून सांगितले. मग आज आम्हाला भंगाराचे कौतुक कशाला?

प्रश्न बिनतोड आहे आणि त्याचे उत्तर रोदियांच्या तिकोनी तुकड्यात आहे. वस्तू टाकाऊ होती की नवी होती, हा मुद्दा दुय्यम आहे. ती हातात कशी आली हे पाहायचे. गावाने टाकलेले घेणे ही सक्ती होती. घेणाऱ्याला 'नको' म्हणण्याचा अधिकार नव्हता. रोदियांवर फुटकी बशी उचलण्याची सक्ती कोणी केली नव्हती. जागा स्वतःच्या पैशाची, मजुरी स्वतःच्या घामाची, आणि कोणता तुकडा कोठे बसवायचा याचा निर्णयही स्वतःचा. प्युरिफॉय यांनी जळका वासा उचलला तो कोणाची घाण उपसण्यासाठी नव्हे. समाजापुढे पुरावा म्हणून मांडण्यासाठी. जेथे निवड आहे तेथे मान आहे.

म्हणूनच या कौतुकाचा उपयोग करून कोणी आपल्या कचरा वेचणाऱ्या बहिणींना 'तुम्ही पर्यावरणाची सेवा करता' असे नुसते गोड बोलू लागले तर त्याला भुलू नये. त्यांना हातमोजे, ओळखपत्र, रास्त मजुरी आणि मुलांना शाळा पाहिजे. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने याच मागण्यांसाठी त्यांना संघटित केले. आधी हक्क, मग कौतुक.

आपल्या घरातले हात

रोदियांच्या मनोऱ्यांना १९९० साली अमेरिकेत राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपातही ते उभे राहिले. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये ते पाहणाऱ्यांसाठी पुन्हा खुले झाले. ज्या खात्यांनी एके काळी पाडायचे ठरवले होते, तेच सरकार आज त्यांच्या तड्यांत माल भरते आहे.

आता आपल्याकडे वळू. आपल्या वस्त्यांत गवंडी आहेत, फरशीवाले आहेत, रंगारी, वेल्डर, सुतार आहेत. १४ एप्रिल जवळ आला की हीच मंडळी आणि त्यांची पोरे रात्ररात्र जागून बांबू, पुठ्ठा आणि थर्माकोलमधून चैत्यभूमीची, दीक्षाभूमीची प्रतिकृती उभी करतात. कित्येक गावांतल्या विहारांच्या कमानी वस्तीतल्याच गवंड्याने बांधलेल्या असतात. जयंती झाली की देखावा मोडतो, आणि बांधणाऱ्याचे नाव कोठेही लिहिलेले नसते. पावती पुस्तकावर देणगीदारांची नावे छापतो, तशी कमानीच्या कोपऱ्यात गवंड्याचे नाव आणि साल कोरायला काय हरकत आहे?

मुलांच्या बाबतीतही असेच. पोरगा चित्र काढत बसला, मोडका रेडिओ खोलून बसला, की आपण म्हणतो, 'अभ्यास कर, याने पोट भरणार नाही.' अभ्यास हवाच; त्यावाचून आपली एक पिढीही वर आलेली नाही. पण प्युरिफॉय शिकलेही आणि हातांनीही बोलले. सुट्टीच्या दिवशी घरात एक पाटी, थोडा सिमेंटचा माल आणि कडा घासून बोथट केलेले फरशीचे तुकडे देऊन पाहा. काचेला मात्र हात लावू देऊ नका. वडील गवंडी असतील तर त्यांनीच शेजारी बसून माल कसा कालवायचा ते दाखवावे. बापाच्या हातात विद्या आहे हे मुलाला त्या दिवशी समजेल, आणि कदाचित बापालाही.